शेवंडीच्या आधीचा आठवडा

लायमा, ओहायो
४ फेब्रुवारी १९८८

मॅक्सीन,

नाताळातल्या तुझ्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते तुला ठाऊक आहे, म्हणून माफी मागत बसत नाही. आज कामाचं लिहिते.

या उन्हाळ्यात मी की लार्गोला येणार आहे. चार नंबरची केबिन, जुलैचा शेवटचा आठवडा. एव्हरेट आणि मी दर वर्षी यायचो तीच केबिन आणि तोच आठवडा. भावजय म्हणून पाहुणचार नको. इतर गिऱ्हाइकांसारखी माझी नोंद कर.

या वेळी मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसणार नाही, पाण्याखाली जाणार आहे. इतकी वर्षं तुझा भाऊ सकाळी बोटीत चढायचा, दुपारी खारट होऊन परत यायचा आणि खाली काय पाहिलं ते सांगायचा, तेव्हा मी एका कानाने ऐकलं. आता आमच्या गावच्या तरणतलावावर डायव्हिंगचा वर्ग सुरू झाला आहे. मी नाव घातलं. वय एकसष्ट असं लिहिल्यावर शिकवणाऱ्या पोराने कागदावरून मान वर केली. डॉक्टरांनी कान, छाती, रक्तदाब सगळं पाहून हरकत नाही म्हणून सांगितलं आहे. कशासाठी शिकायचंय, असं त्या पोराने विचारलं. सुट्टीसाठी, असं मी म्हटलं. ते काही खोटं नाही.

एव्हरेट ज्या कपारीत सापडला तिथे मला जायचं आहे. आणि मला तिथे लाइलनेच न्यायला हवं, दुसऱ्या कोणी नाही. तुझा मुलगा त्या दिवशी त्याचा पाण्यातला जोडीदार होता. दोघं एकत्र खाली गेले आणि एकच वर आला. गेल्या उन्हाळ्यात तो एकटाच आला होता, मी लायमातच राहिले होते. तू फोन केलास तेव्हा "लाइल वर आला" एवढंच मी ऐकलं आणि फोन ठेवला. दफनाच्या वेळी तो माझ्यासमोर उभा होता, मी त्याच्याशी बोलले नाही. मामाला खाली ठेवून तो वर का आला, हे मला त्याच्या तोंडून आणि त्याच जागी ऐकायचं आहे.

केबिन मिळेल की नाही ते कळव.

व्हर्ना


पेलिकन केबिन्स, की लार्गो
१५ फेब्रुवारी १९८८

व्हर्ना,

कॉलेजच्या वसतिगृहात आपण एका खोलीत राहायचो तेव्हा तू माझ्या उशीवर चिठ्ठ्या ठेवायचीस. "खिडकी लाव." "ओले मोजे माझ्या खुर्चीवर नकोत." तुझं पत्र वाचून ते दिवस आठवले. माझ्या भावाने तुझ्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं, की बाबा रे, तुला आयुष्यभर चिठ्ठ्या मिळतील.

चार नंबर रिकामी आहे. पण जुलै म्हणजे काय ते तू व्हरांड्यातून पाहिलंस, हातात बर्फाचा चहा घेऊन. तो रबरी पोशाख चढवून बोटीवर उभं राहिलं की माणूस उकडलेल्या बटाट्यासारखं होतं. मागच्या वर्षी जॉर्जियाचा एक दांडगा गडी पाण्यात उतरायच्या आधीच चक्कर येऊन पडला. दुपारी दोननंतर रोज ढग येतात, वीज कडकडते, आणि पाऊस गेला की तिवरांमधून डासांची फौज निघते. चार नंबरचं थंड हवेचं यंत्र नवं बसवलं आहे, ते अजून जास्त आवाज करतं. एवढं सगळं सांगूनही तू येशीलच, हे मला माहीत आहे.

पण लाइलचं जमणार नाही. तो त्या दिवसापासून पाण्यात उतरलेला नाही. टॅव्हर्नियरला बोटी दुरुस्त करायच्या गोदीत तो काम करतो. बोटी जमिनीवर ओढून ठेवतात आणि हा त्यांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडतो. रविवारी माझ्याकडे जेवायला येतो आणि समुद्राकडे पाठ करून बसतो. बत्तीस वर्षांचा मुलगा, चालायला लागला त्याच्या आधी पोहायला लागला होता. त्याचं सगळं सामान माझ्या शेडमध्ये टांगलेलं आहे. मी माणसं खाली न्यायला दोन नवे गडी ठेवलेत, चांगले आहेत. तुला जायचंच असेल तर ते नेतील.

तू त्याला वर्गातल्या पोरासारखं फळ्यापाशी उभं करून प्रश्न विचारणार असशील, तर ते मी होऊ देणार नाही, आधीच सांगते. एव्हरेट तुझा नवरा होता हे कबूल. पण आधी तो माझा धाकटा भाऊ होता. मी पण कुणाला तरी पुरलं आहे, व्हर्ना.

मॅक्सीन


लायमा, ओहायो
१९ मार्च १९८८

मॅक्सीन,

वर्ग चालू आहे. आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून काढायला लावलं, तेव्हा माझ्या घशात निम्मा तलाव गेला. आता जमतं. एव्हरेट या गोष्टीबद्दल सांगायचा तेव्हा मी म्हणायचे की यात काय मोठं. मोठं आहे.

माझा जोडीदार ऑर्व्हिल टेट. आमचा पोस्टमन. तुझी पत्रंही तोच आणून टाकतो. हा नववीत माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात होता आणि मी त्याला नापास केलं होतं. एकमेकांच्या टाकीची कळ नीट उघडलेली आहे का ते तपासायचं असतं, ते करताना म्हणाला, "बाई, तुम्ही मला नापास केलंत, आणि आता तुमची हवा माझ्या हातात आहे. देवाला विनोद कळतो." मी त्याला म्हटलं की दोन्ही पट्टे तपास आणि गप्प राहा. पण तो काळजीने तपासतो.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात आम्हाला तो नियम शिकवला. पाण्यात जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला शोधायचं, आणि नाही सापडला तर वर यायचं. पुस्तकात एवढंच दिलं आहे, आणि त्याचा प्रश्न परीक्षेत येतो. घरी आल्यावर मी अंडी उकडताना लावायचं घड्याळ घेतलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. मिनिटभर. मॅक्सीन, मिनिटात काहीच होत नाही. मी तेवढ्यात कपाटातून बशी काढून पुसून ठेवू शकले नसते.

म्हणजे लाइलने नियम पाळला, असं तुझं म्हणणं असेल. ज्याला बाप नव्हता त्या पोराला एव्हरेटने गाडी चालवायला शिकवलं, दर उन्हाळ्यात त्याच्यासाठी म्हणून तो तुमच्याकडे यायचा, आणि त्याच एव्हरेटसाठी त्या मुलाने एक मिनिट घड्याळ लावून शोधलं आणि तो वर गेला. मी गेले नसते. हवा संपेपर्यंत गेले नसते. हे मी रागाने लिहीत नाही, मला तसं खरोखर वाटतं म्हणून लिहिते.

केबिन माझ्या नावावर ठेवली का ते तू लिहिलं नाहीस.

व्हर्ना


पेलिकन केबिन्स, की लार्गो
११ एप्रिल १९८८

व्हर्ना,

तुझं पत्र मी दोन आठवडे उघडून ठेवलं होतं. लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते पोस्टात टाकण्याच्या लायकीचं झालं नसतं.

तुझ्या पुस्तकात नियम आहे पण त्याचं कारण बहुतेक दिलेलं नाही, म्हणून मी देते. मिनिटाने वर यायचं ते पळून जायला नाही. खाली वाळू उठली की हात-दोन हातांपलीकडचं दिसत नाही, खडक आडवे येतात. वरून मात्र बुडबुडे दिसतात. माणूस खाली श्वास सोडतो, त्याचे बुडबुडे थेट वर येतात, आणि ते पाहून त्याच्या डोक्यावर नेमकं उतरता येतं. वर येणं हाच शोधायचा मार्ग आहे. माझ्या मुलाने तेच केलं. तो वर येऊन बोटीत बसला नाही. तो बुडबुडे पाहून पुन्हा खाली गेला. हे तुला मी फोनवर सांगणार होते. तू फोन ठेवलास. नंतर मी तीनदा केला, तू उचलला नाहीस. मग मीही हट्टाला पेटले, की हिला विचारायचं नाही तर मी का सांगू.

पुढे काय झालं ते लाइलने फक्त मला सांगितलं आणि कुणालाही सांगायचं नाही अशी शपथ घातली. तेव्हा ते मी सांगणार नाही. तू मला ओळखतेस.

आणि तू आठवडाही कसला निवडलास. जुलैअखेरीस शेवंडी, कपारीतल्या त्या मोठ्या मिशाळ कोळंब्या, पकडायचे दोन दिवस असतात. धंदेवाल्यांच्या आधी हौशी लोकांना मोकळीक. अर्धं फ्लोरिडा ट्रकमागे बोट लावून आमच्या दारात येतं. ज्यांनी वर्षभर पाण्यात पाय बुडवला नाही ते टाकी पाठीला बांधून कपारीत डोकं घालतात. माझा धंदा त्या दोन दिवसांवर चालतो म्हणून मी तोंड मिटून राहते. एव्हरेटला ते दिवस आवडायचे, जत्रेसारखे वाटायचे. लाइल आता ते दिवस आले की सामान बांधून मॅकनला मित्राकडे जाणार आहे, जिथून समुद्र दिसत नाही.

केबिन तुझ्या नावावर लिहिली आहे. ये. पण त्याच्यासाठी येऊ नकोस.

मॅक्सीन


लायमा, ओहायो
६ जून १९८८

मॅक्सीन,

शनिवारी आमची उघड्या पाण्यातली परीक्षा झाली. इथून तासाभरावर चुनखडीची जुनी खाण आहे, ती पाण्याने भरली आहे. शिकणाऱ्यांना पाहायला काहीतरी हवं म्हणून तळाशी शाळेची एक जुनी पिवळी बस बुडवून ठेवली आहे. चाळीस वर्षं मी तसल्याच बसमधून उतरणारी पोरं मोजली. आता तिच्या खिडकीतून मासे येतात-जातात.

जूनमध्येसुद्धा ते पाणी बर्फासारखं आहे आणि हिरवं आहे. ऑर्व्हिल माझ्या डाव्या हाताला होता. माझा पाय तळाला लागला आणि गाळ उठला. आधी बस दिसेनाशी झाली, मग ऑर्व्हिल, मग माझा स्वतःचा हात. मी थांबले. गोल फिरून पाहिलं. तिथे हाक मारता येत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण माझं तोंड हाक मारायला उघडू पाहत होतं आणि त्यात नळी होती. दुसरा कसलाच आवाज नाही, फक्त आपलाच श्वास, आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा मोठा.

मी वर आले.

शिकवणारा पोरगा काठावरच्या फळीवर उभा होता. किती वेळ शोधलंत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पूर्ण मिनिट. मला तसंच वाटत होतं, त्याहून जास्तच. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी वरून दोघांचे बुडबुडे बघत होतो. ते वेगळे झाले तेव्हाच मी घड्याळ लावलं. मिनिट नाही झालं. निम्मंसुद्धा नाही."

ऑर्व्हिल बसच्या पलीकडच्या बाजूला होता, धडधाकट. त्याने त्याचं मिनिट पुरं केलं आणि मग वर आला. मी नापास केलेला मुलगा. तो पोहत माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

मी वर आले ते नियमामुळे नाही. घाबरून आले. स्वयंपाकघरात उभं राहून मी ज्या मिनिटात काहीच होत नाही असं लिहिलं, ते मिनिट मला पुरं करता आलं नाही. आणि तेही पोस्टमनसाठी, जो माझा कुणी लागत नाही आणि ज्याला काही झालेलं नव्हतं. लाइल त्याच्या मामासाठी थांबला होता. तो माझ्यापेक्षा जास्त थांबला.

त्या पोराने मला फळीवर उभं केलं आणि पाणी दाखवलं. ऑर्व्हिलचे बुडबुडे कुठे येत होते ते लगेच दिसलं असतं, कारण खाणीत आम्ही दोघंच होतो. घरी येताना गाडीत माझ्या मनात आलं की त्या दिवशी तुमच्या समुद्रात किती लोक होते, हे मी कधी विचारलंच नाही.

मी परीक्षा पास झाले आहे, काल रविवारी पुन्हा उतरून. हे पत्र लाइलला दाखव.

व्हर्ना


टॅव्हर्नियर
२१ जून १९८८

मामी,

आईने तुझं पत्र माझ्या जेवणाच्या डब्यात घालून पाठवलं. सँडविचच्या खाली. तिला काही सांगायचं असलं की ती असंच करते.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, तेव्हा जसं झालं तसं लिहितो.

मामाला कपारीत शेवंडीच्या मिशा दिसल्या. त्याने मला बोट करून दाखवलं आणि तो डोकं घालून आत सरकला. मला बाजूच्या खडकात दुसरी दिसली. मी तिकडे वळलो. एवढंच मी केलं, वळलो. परत पाहिलं तर मामा नव्हता. मी मिनिटभर शोधलं. मिनिट झालं हे मला माहीत आहे कारण मी घड्याळाकडे पाहत होतो. मला तेच सहन होत नाही, की मी घड्याळाकडे पाहत होतो.

मी वर आलो. मामी, सोड्याची बाटली उघडावी तसा सगळा समुद्र फसफसत होता. जिकडेतिकडे बोटी आणि प्रत्येक बोटीखाली माणसं. पण आमच्या बोटीजवळच एका जागी बुडबुडे येत होते, जाड आणि सावकाश. मामाचा श्वास तसाच होता, तुला माहीत आहे, तो जेवताना पण ऐकू यायचा. मला इतका आनंद झाला. मी बोटीवरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "सापडला." आणि त्या बुडबुड्यांवरून सरळ खाली गेलो.

खाली एक माणूस कपारीत कमरेपर्यंत घुसलेला होता. मामासारखाच निळा पोशाख. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला. कोण कुठला माणूस होता, मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं मी त्याची विचारपूस करतोय. त्याने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, म्हणजे सगळं ठीक आहे. आणि मीही तसाच गोल करून दाखवला. आपोआप झालं. आम्ही रोज शंभरदा करतो ते. मामा खडकाच्या दुसऱ्या अंगाच्या कपारीत होता, आणि मी एका परक्या माणसाला सांगत होतो की सगळं ठीक आहे.

मी पुन्हा वर आलो, दुसरे बुडबुडे धरून पुन्हा खाली गेलो. तोपर्यंत दुसऱ्या बोटीच्या लोकांना मामा सापडला होता.

डॉक्टर म्हणाले की हृदय एकदम बंद पडलं, पाणी छातीत गेलेलं नव्हतं. म्हणजे मी वर आलो तेव्हा मामाचे बुडबुडे येतच नसावेत. मी पाण्यावर जे शोधत होतो ते नव्हतंच. हे मी आईला सांगितलं. आता तुला.

तू मला काही म्हणावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. एका कामासाठी लिहिलं. तू शेवंडीच्या आठवड्यात येऊ नकोस. आधीच्या आठवड्यात ये. ऊन तेवढंच असतं, डासही तेवढेच. पण समुद्र रिकामा असतो. तेव्हा पाण्यावर बुडबुडे दिसले तर ते आपलेच असतील.

माझ्या पोशाखाचं रबर वर्षभर टांगून चिरलं आहे. दुसरा पाहावा लागेल.

लाइल


लायमा, ओहायो
२८ जून १९८८

लाइल,

आधीचा आठवडा ठरला. तुझ्या आईला आजच वेगळं लिहिते, ती वहीत खाडाखोड करताना चिडेल.

बेत असा आहे. पहिल्या दिवशी मी फक्त झोपेन. दुसऱ्या दिवशी तू मला वाळूच्या उथळ जागी ने आणि मला काय येतं ते पाहा. तुझं समाधान झालं नाही तर स्पष्ट सांग, मी आयुष्यभर मुलांना स्पष्ट सांगत आले आहे, मला ऐकायला जड जाणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, ढग यायच्या आत, आपण कपारीपाशी जाऊ. त्यानंतर पूर्ण एक दिवस मी कोरडी राहीन आणि मगच विमानात बसेन. पाण्यात उतरल्यावर लगेच विमान चालत नाही हे मी शिकले आहे. तुझ्या मामाला तो शेवटचा कोरडा दिवस जिवावर यायचा.

पट्टे तू माझे तपासायचे, मी तुझे.

तिथे मी तुला काही विचारणार नाही. विचारायचं होतं ते तू सांगितलंस. मी तुला माफ केलं असं लिहायला घेतलं होतं, पण तो कागद मी फाडला. तुझं चुकलेलं मला काही सापडेना. दफनाच्या दिवशी तू माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा होतास आणि मी तुझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. ते चुकलं, आणि ते माझं.

घड्याळाकडे पाहिलंस म्हणून स्वतःला खात बसू नकोस. मी पाहिलं नव्हतं. माझं काय झालं ते तू वाचलंस.

तुझ्या मामाचं हरणाच्या शिकारीला जायचं नारिंगी जाकीट मी बरोबर आणते आहे. त्याचं काय करायचं ते तिथे आल्यावर बोलू.

मामी


पेलिकन केबिन्स, की लार्गो
२ ऑगस्ट १९८८

व्हर्ना,

तू सुखरूप पोचलीस हे ऑर्व्हिल टेटच्या कार्डावरून कळलं. स्वतः लिहायला तुला वेळ झाला नाही, पण पोस्टमनला सांगायला झाला. बरं.

तुझी आंघोळीची टोपी आणि निम्मं वाचलेलं पुस्तक चार नंबरमध्ये राहिलं आहे. पाठवत नाही. इथेच राहू दे.

शेवंडीचे दोन दिवस होऊन गेले. ते कसे गेले ते सांगते. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू जाकिटाच्या पट्ट्या कापल्यास, तेव्हा मला वाटलं होतं की हे तुझं मास्तरीण-खूळ आहे आणि तू गेलीस की कपाटात जाईल. पण लाइल मॅकनला गेला नाही. त्याने ब्लीचचे रिकामे डबे गोळा केले, प्रत्येकाला लांब दोरी बांधली, डब्याच्या मुठीला एव्हरेटच्या जाकिटाची एकेक पट्टी, आणि डब्यावर काळ्या रंगाने आकडा. आमच्या बोटीवरून जी जोडी खाली जाईल तिने आपला डबा पाण्यावर तरंगता ठेवून दोरीने ओढत न्यायचा. बुडबुड्यांवर भरवसा नाही. डबा जिथे, तिथे ती दोघं.

गिऱ्हाइकं कुरकुरली. दोरी खडकात अडकते म्हणाले, शेवंडी पळून जातात म्हणाले. टॅम्पाचा एक वकील म्हणाला की तो इथे कुत्रं फिरवायला आलेला नाही. लाइल त्याला शांतपणे म्हणाला, "मग धक्क्यावर उतरा, साहेब. मागे रांग आहे." तो वकील उतरला नाही. डबा ओढत गेला आणि चार शेवंडी घेऊन आला. दोन्ही दिवस लाइल बोटीच्या टोकावर उभा होता, ऊन डोक्यावर घेत, आकडे मोजत. सगळे परत आले. शेजारच्या गोदीवाल्याने संध्याकाळी येऊन विचारलं की असं नारिंगी कापड कुठे मिळतं. मी म्हटलं, मिळत नाही.

आता त्या सकाळबद्दल. आपण तिघं बोटीवर होतो, आणि तुम्ही दोघं उतरल्यावर मी एकटी. तू मला काही विचारलं नाहीस आणि मी काही सांगितलं नाही, आपण दोघी तशाच. पण मी त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे गेले होते. माझा भाऊ जिथे गेला ती जागा मी वर्षभर धक्क्यावरून पाहत होते, बोट तिकडे न्यायची माझी हिंमत झाली नव्हती. समुद्र काचेसारखा होता, आसपास एकही बोट नाही. पाण्यावर दोनच जागी बुडबुडे येत होते, शेजारी शेजारी. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. एकदा ते एका जागी बराच वेळ थांबले, पुढेही सरकेनात आणि मागेही. कपार आली असं मी समजले. टोपी काढून बसले, उन्हात.

तुम्ही वर आलात तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर मास्कचा लाल वळ होता आणि तू म्हणालीस की पाणी गरम आहे. त्यावर मी म्हटलं की जुलै आहे. एवढंच आपलं बोलणं झालं.

तू गेलीस त्या संध्याकाळी लाइल माझ्याकडे जेवायला आला. रविवार नव्हता. समुद्राकडे तोंड करून बसला. माशाची ताटली संपवली, पाव मागून घेतला, आणि मग सांगितलं. कपारीपाशी तू वाकून आत पाहत होतीस आणि बराच वेळ हलत नव्हतीस. तो मागे होता. त्याला हात पुढे करायची भीती वाटली, इतकी की आपण वर निघून जातो की काय असं त्याला वाटलं. मग त्याने केला.

"खांद्याला हात लावला, आई," तो म्हणाला, "आणि मामीच वळली."

मॅक्सीन